कॉलनीच्या मोकळ्या कोपऱ्याचं काय करायचं ते रहिवाशांना विचारून ठरवावं, की सरळ आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्यावा?

नकाशा सगळ्यात शेवटी.

आमच्या पुण्यातल्या कॉलनीत कोपऱ्यावर वड आहे, त्याला जुना दगडी पार होता. 2016 मध्ये समितीने नकाशा करून आणला: पार काढायचा, खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडे तोंड करून तीन लोखंडी बाक. रविवारच्या बैठकीला एकवीस पुरुष आणि आम्ही दोघी. मी विरोध केला तर सेक्रेटरी म्हणाले, "सगळ्यांना विचारत बसलो तर दहा वर्षं काम होणार नाही."

त्या पारावर दुपारी घरकामाच्या बायका डबा खायच्या. संध्याकाळी माझी आई मैत्रिणींबरोबर झाडाभोवती बसायची. एका रांगेतल्या बाकांवर कुणाचं तोंड कुणाला दिसेना. महिन्याभरात आईने खाली उतरणंच सोडलं. हे मला आजही सहन होत नाही.

मग मी वही घेऊन आठवडाभर सकाळ-दुपार-रात्र नोंद केली, कोण येतं, कुठे टेकतं. डबा खाणाऱ्या बायकांना तिथेच विचारलं, कारण त्या बैठकीला कधीच येणार नव्हत्या. खडूने जमिनीवर पार आखला. उंची आईने बसून, उठून ठरवली: दीड फूट. खोडाजवळचे ब्लॉक काढण्यासाठीही भांडावं लागलं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं, तो आदेश छापून नेला.

विचारायला आम्हाला नऊ दिवस लागले. न विचारता केलेलं उखडून पुन्हा बांधायला दोन वर्षं. दहा वर्षांची भीती घालणाऱ्यांना हे आकडे जरूर सांगा.

पैशाचं म्हणाल, तर जागा महापालिकेची असेल तर पुण्यात 2006 पासून नागरिकांना अर्थसंकल्पासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. सोसायटीच्या मालकीची असेल तर वर्गणीच काढावी लागेल.

आणि हो, पाण्याच्या उतारासाठी जाणकार माणूस घ्याच. ते आम्ही आमच्या मनाने केलं आणि पहिल्याच पावसात, बायका डबा घेऊन बसतात नेमक्या त्याच बाजूला डबकं साचलं.