मी नागपूरची, ब्लाउज शिवता येतो. जुन्या धाटणीची अंतर्वस्त्रं घरी शिवायची, तर कॉर्सेटपासून सुरुवात करू का?

कॉर्सेट नको. तुम्ही नागपूरच्याच म्हणता, मग मे महिन्यातल्या 45 अंशांत दुपदरी जाड कापड आणि ताठपणासाठी आत घातलेल्या कांड्या पोटाला आवळून बसलं की काय होईल, हे मी सांगायला नको. हौसच असेल तर थंडीत करा. कांड्यांच्या जागी इलेक्ट्रिकच्या दुकानातले रुंद केबल टाय चालतात.

आधी 1930 च्या दशकातली स्लिप, म्हणजे कपड्यांच्या आतून घालायचा बिनबाह्यांचा झगा, शिवा. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी क्रॉस, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाचे कपडे गाजवले आणि आतले कपडेही तसेच बेतले जाऊ लागले. लायक्रासारखा ताणणारा धागा तेव्हा नव्हताच. उभ्या-आडव्या धाग्यावर कापड फारसं ताणत नाही, तेच 45 अंशांत तिरकं धरलं की ताणतं आणि अंगावर छान पडतं. गळपट्टी तुम्ही क्रॉसच कापता ना, इथे अख्खा कपडा तसा कापायचा. कापड जास्त लागतं, चिंध्याही ढीगभर निघतात, इलाज नाही.

पहिल्या खेपेला रेशीम घेऊ नका, कात्रीखालून निसटतं. इतवारीतून मऊ मलमल आणा, धुऊन आटवून घ्या. घडी घालून कापू नका, एकेरी कापडावर आधी पुढचा भाग आखा, मग मागचा. आणि शिवून झाल्या झाल्या घेर दुमडायला बसू नका! हँगरला अडकवून रात्रभर तरी लटकू द्या. तिरकं कापड आपल्याच वजनाने उतरतं, कुठे दोन बोटं खाली, कुठे जेमतेम. मग अंगात घालून, जमिनीपासून मोजून कापा.

लेस नुसती वरून ठोकू नका. कापडावर ठेवून दोन्ही काठ बारीक टाक्याने शिवा, मग मागचं कापड मधोमध चिरून दोन्हीकडे दुमडा. खालची कातडी जाळीतून दिसली पाहिजे, सगळी मजा त्यातच आहे.

जोडीच्या सैल चड्डीला इलास्टिक नको, बाजूला बटण लावा. 1942 मध्ये रबर पिकवणारा मलाया (आताच्या मलेशियाचा भाग) जपानच्या ताब्यात गेला, रबराची टंचाई झाली आणि ब्रिटनमध्ये चड्ड्यांना बटणं लागली. आपल्याकडे कमरेवरच्या घामोळ्यासाठीच ती बरी. फक्त बटण चपटं घ्या, फुगीर असलं तर साडीतून उठून दिसतं.