रशियन बँड किनोचं 'पेरेमेन' (म्हणजे 'बदल') हे गाणं नेमकं कशावर आहे? सरकारविरोधी आहे का?

लोकांनी ते तसं केलं, पण लिहिलं तसं नव्हतं. व्हिक्टर त्सोई लेनिनग्राडचा (आताचं सेंट पीटर्सबर्ग), किनो बँडचा गायक, आणि हे गाणं त्यांनी १९८६ मध्ये तिथल्या रॉक फेस्टिव्हलला गायलं, त्याच काळात तो पोटासाठी एका बॉयलर रूममध्ये कोळसा टाकायचं काम करत होता (ती जागा आता म्युझियम आहे, फॅन्स अजून जातात). शब्द बघा, टेबलावर चहा, हातात सिगारेट, आणि सगळं आपल्याच आत आहे असं म्हणतो, घोषणा वगैरे काही नाही, बदल मागतायत ती माणसांची हृदयं आणि डोळे. हे राजकीय गाणं नाही असं तो स्वतःही सांगायचा.

पण तेव्हा सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हचा पेरेस्त्रोइका, म्हणजे सुधारणांचा कार्यक्रम, सुरू होता, त्यात 'अस्सा' पिक्चरच्या शेवटी हे गाणं आलं. सीन जबरदस्त आहे. त्सोई रेस्टॉरंटमध्ये गायची नोकरी मागायला येतो, तिथली बाई त्याला नियम वाचून दाखवत बसते, हा सरळ उठून स्टेजवर जातो आणि बघता बघता समोर हजारोंची गर्दी. झालं, पब्लिकने गाणं उचललं.

१९९० ला त्सोई कार अपघातात गेला, फक्त २८ वर्षांचा होता. गाणं मात्र चालूच राहिलं, २०२० मध्ये बेलारूसमध्ये मिन्स्कच्या एका सरकारी कार्यक्रमात दोन साउंडवाल्या पोरांनी हेच लावलं तर त्यांना १० दिवस कोठडी झाली. माझ्या मते लोकांइतकंच घाबरलेल्या सरकारांनीही ते सरकारविरोधी ठरवलं.