चार वर्षांचं यंत्र भंगारात कसं गेलं?

प्रश्न: मित्राच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत माझे १२ टक्के शेअर आहेत. मी संचालक नाही. यंदाच्या ताळेबंदात, मालमत्तेच्या टिपेत ४० लाखांची यंत्रं वजा दाखवली आहेत, त्यांच्यावरचा १० लाखांचा घसारा, म्हणजे वापरामुळे आजवर कमी धरलेली किंमत, तोही वजा. नफा-तोटा पत्रकात 'यंत्रसामग्री निर्लेखित' (पुस्तकातून काढून टाकली) म्हणून ३० लाखांची एकच ओळ. विचारलं तर मित्र म्हणतो, "जुनी झाली होती, भंगारात काढली. तुला हिशोबातलं काय कळतं?" मला काय करता येईल?

उत्तर: तुमच्या मूळ पत्रात 'चोरी' हा शब्द तीनदा आलाय. तो आधी खोडा. यंत्र निकामी झालं की त्याची उरलेली किंमत पुस्तकातून काढावीच लागते, त्यात वावगं काही नाही. हाती पुरावा नसताना बँकेला किंवा इतर भागधारकांना 'चोरी' लिहून कळवलंत, तर बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येईल.

मात्र 'जुनी झाली होती' हे मलाही पटत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रांचं आयुष्य १५ वर्षं धरलंय आणि शेवटी सहसा ५ टक्क्यांपेक्षा जास्त किंमत उरत नाही. सरळ पद्धतीने, म्हणजे दरवर्षी सारखीच रक्कम धरून, ४० लाखांवर वर्षाला अडीच लाखांच्या आसपास घसारा बसतो. इथे एकूण बसलाय १० लाख. म्हणजे यंत्रं जेमतेम चार वर्षांची. घटत्या शिलकीची पद्धत असेल, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत जास्त घसारा धरला असेल, तर त्याहूनही कोवळी. पंधरा वर्षं राबलेली यंत्रं निघाली असती तर तोटा दोन लाखांच्या आसपास दिसला असता, तीस लाख नव्हे. आग लागली असेल, ज्या मालासाठी यंत्रं घेतली तो माल बंद झाला असेल, अशी खरी कारणं असू शकतात. ती मित्राने सांगावीत. हिशोब कळत नाही म्हणणाऱ्याला एवढा भागाकार पुरे.

आता पैशांचं बाजूला ठेवा आणि यंत्रांचा माग काढा. अवजड यंत्र दाराबाहेर जातं तेव्हा मागे कागद राहतात: वजनकाट्याची पावती, भंगारवाल्याला दिलेलं जीएसटीचं बीजक, बहुतेकदा ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा परवाना), विमा पॉलिसीच्या यादीतून वगळल्याची नोंद. लोखंडाला किलोमागे भाव मिळतोच, तेव्हा ते पैसे 'इतर उत्पन्ना'त दिसतात का किंवा तोट्यातून वजा झालेत का ते पाहा. यंत्रं बँकेकडे तारण असतील तर बँकेची संमती कुठे आहे? तारणाचा बोजा नोंदवलेला असेल तर तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसतो. त्यासाठी मित्राची परवानगी लागत नाही.

हे कागद मागण्याचा हक्क मात्र तुम्हाला वाटतो तेवढा नाही. हिशोबाची पुस्तकं तपासायचा अधिकार कलम १२८ ने संचालकांना दिलाय. नुसत्या भागधारकाला तो आपोआप मिळत नाही. कंपनीची नियमावली आणि पैसे गुंतवताना केलेला करार काढून वाचा, कधीकधी त्यात हा हक्क लिहिलेला असतो. कलम १३६ नुसार लेखापरीक्षित हिशोबाची प्रत मात्र तुम्हाला मिळायलाच हवी. आणि कलम १८९ ची नोंदवही तुम्ही नोंदणीकृत कार्यालयात जाऊन कामकाजाच्या वेळेत पाहू शकता. संचालकांचे हितसंबंध असलेले व्यवहार तिच्यात असतात. मी तुमच्या जागी असतो तर पहिली ती पाहिली असती. पुस्तकात मेलेलं यंत्र नातेवाइकाच्या शेडमध्ये चालू असल्याचं मी वकिलीत एकाहून अधिक वेळा पाहिलंय.

मग संचालक मंडळाला पत्र लिहा, रजिस्टर्ड पोस्टाने, एका पानाचं. विशेषण एकही नको. कोणती यंत्रं, कधी घेतली, कोणत्या तारखेला आणि कुणाच्या ठरावाने काढली, कुणाला दिली, किती रुपये आले, एवढंच विचारा. प्रत ऑडिटरला पाठवा. तुम्हाला उत्तर द्यायला ऑडिटर बांधील नाहीत, पण पत्र त्यांच्या फायलीत राहतं. वार्षिक सभेला ऑडिटर किंवा त्यांचा प्रतिनिधी हजर असणं अपेक्षित असतं. तिथे हेच प्रश्न उभं राहून विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर हिशोब मंजुरीच्या ठरावाविरुद्ध मत द्या. त्याने ठराव पडणार नाही, पण तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. सभेच्या इतिवृत्ताची प्रत भागधारकाला मागता येते.

तरीही तोंड बंदच राहिलं, तर तुमचे १२ टक्के कामी येतात. दहा टक्के मतांवर कलम १०० खाली विशेष सभा मागता येते, आणि भांडवलाचा दहावा हिस्सा असेल तर कलम २४१ खाली गैरकारभाराची तक्रार घेऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाता येतं. पण केवळ या एका ओळीवर आज जाऊ नका. न्यायाधिकरण पहिल्याच दिवशी विचारेल, कंपनीला लेखी विचारलंत का? पत्राची पोच तेव्हा हातात असू द्या. आणि फार रेंगाळूही नका, तिथेही मुदतीचा कायदा लागू आहे.

मैत्रीचं काय, असंही तुम्ही विचारलंय. पत्र टाकायच्या आदल्या दिवशी मित्राला फोन करून सांगा की पत्र येतंय.