इंग्रजीतला 'च' कुठे असतो?

प्रश्न : माझं इंग्रजी व्याकरण चांगलं आहे. तरी परदेशी सहकाऱ्यांशी फोनवर बोलताना ते दर दोन वाक्यांनी 'सॉरी?' म्हणतात. एकाने तर विचारलं, 'तू रागावला आहेस का?' आता त्यांच्यासारखे उच्चार शिकावे लागतील का? (वय २९)

उत्तर : नाही, त्यांची नक्कल करू नका. तुमचे उच्चार तुमचेच राहू द्यात. अडतं ते बहुधा आघातापाशी, म्हणजे कुठल्या अक्षरावर आणि कुठल्या शब्दावर वजन द्यायचं तिथे.

माझीच फजिती सांगते. एकदा फोनवर मी ठासून म्हटलं, 'आय कॅन कम ऑन थर्सडे.' पलीकडच्या अमेरिकन बाईंनी ऐकलं 'कॅन्ट', आणि गुरुवारची भेट रद्द! त्यांच्या बोलण्यात 'कॅन्ट'मधला ट जेमतेम ऐकू येतो, त्यामुळे कान वजनावर भिस्त ठेवतो. होकारातलं 'कॅन' आखडून 'कन' होतं आणि भार पडतो 'कम'वर. 'कॅन'वर भार पडला की तो नकार वाटतो. मी स्पष्ट बोलायला गेले आणि नेमकी तिथेच फसले.

आपली सवय प्रत्येक अक्षराला सारखा न्याय द्यायची. इंग्रजी तसा न्याय देत नाही. 'टुमॉरो'मधला 'टु' जवळजवळ गिळला जातो आणि 'मॉ' ऐसपैस पसरतो. 'फोटोग्राफ'मध्ये भार पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर. भार हलला की स्वरही बदलतात. (गिळणं आपल्याला परकं नाही, 'घर' म्हणताना शेवटचा अ आपण कुठे उच्चारतो?) हे नियमांनी पाठ करण्यात दम नाही. शब्दकोशात उच्चार दिलेला असतो तिथे बघा, भार असलेल्या अक्षराआधी वर एक बारीक उभी रेघ असते. नवा शब्द त्या रेघेसकटच शिका.

आता वाक्य. मराठीत आपण 'च' लावून मोकळे होतो. 'मीच फाइल उद्या पाठवेन', 'मी फाइलच उद्या पाठवेन', 'मी फाइल उद्याच पाठवेन'. अर्थ तीन, पण आवाज फारसा हलवावा लागत नाही. इंग्रजीकडे असा 'च' नाही, ते काम आवाज करतो. 'आय विल सेंड द फाइल टुमॉरो' या एकाच वाक्यात भार 'आय'वर, 'फाइल'वर किंवा 'टुमॉरो'वर देऊन पाहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचे, वाक्य आधी मनात मराठीत म्हणा, 'च' कुठे पडतो ते धरा आणि इंग्रजीत तिथे वजन द्या.

वजन द्यायचं म्हणजे ओरडायचं नाही. तुम्ही रागावल्यासारखे वाटता त्याचं एक कारण हे असावं. त्या अक्षराचा स्वर लांबवा, सूर थोडा वर न्या. आवाज मोठा करायची गरज नाही. दुसरं कारण वाक्याच्या शेवटी सापडेल. 'कुड यू सेंड द रिपोर्ट?' हे शेवटी सूर खाली आपटून म्हटलं की विनंतीचा हुकूम होतो. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात सूर शेवटी सहसा चढतो. 'व्हेअर', 'व्हाय'ने सुरू होणाऱ्या प्रश्नात मात्र तो बहुतेकदा उतरतो, आणि तिथे ते उद्धट वाटत नाही.

पुढच्या फोनच्या वेळी स्वतःचा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करा. ऐकताना शब्द विसरा, फक्त चाल गुणगुणून पाहा. गुणगुणणं एकाच पट्टीत चाललं असेल तर 'सॉरी?' का येतं ते कळेल.

आणि 'कॅन'चा घोळ? मी अजूनही धोका पत्करत नाही. आधी 'येस' म्हणते, मग 'आय कन कम'.