लांब पल्ल्याची शर्यत आणि स्वाराची तयारी

प्रश्न : मी तीन वर्षे घोडेस्वारी शिकत असून पुढील हंगामात ४० किलोमीटरच्या सहनशक्ती शर्यतीत उतरणार आहे. घोडा सरावात आहे. मग मी स्वतः वेगळी तयारी करावी का?

उत्तर : अवश्य करावी, कारण थकलेला स्वार खोगिरावर पोत्यासारखा बसतो आणि त्याचा भार घोड्याच्या पाठीला सोसावा लागतो. पल्ल्याचा बराचसा भाग दुडक्या चालीने कापायचा असल्यामुळे मांड्या, पोटऱ्या आणि कंबर यांची ताकद वाढवा. दुडकीत उठबस करताना घोड्याच्या पुढच्या कोणत्या पायाबरोबर आपण उठतो ते ओळखून अधूनमधून बाजू बदलण्याची सवय लावा. एरवी घोड्याची एकच बाजू शिणते, आणि ही चूक मला फार खटकते. अवघड उतारावर खाली उतरून घोड्याबरोबर चालता यावे, म्हणून रोज पायी चाला.

दुसरी तयारी नाडी ओळखण्याची. विश्रांतीच्या टप्प्यावर पशुवैद्य घोड्याला तपासतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठोके सामान्यतः मिनिटाला ६४ पर्यंत उतरावे लागतात आणि चाल लंगडी नसावी लागते. तपासणीसाठी घोडा हजर करेपर्यंत घड्याळ चालूच राहते, म्हणून शेवटचा किलोमीटरभर वेग कमी करून, ठोके खाली आणतच टप्प्यावर पोहोचणारा स्वार पुष्कळदा भरधाव आलेल्याच्या पुढे निघतो. कॅलिफोर्नियात १९५५ पासून होणाऱ्या, २४ तासांत १०० मैल कापण्याच्या टेव्हिस कप स्पर्धेतही घोडा शेवटी पुढे जाण्यायोग्य असल्याशिवाय पल्ला पूर्ण झाल्याचे मानत नाहीत.