ऑटो स्टिअरिंग : वायरिंगइतकंच पुढच्या चाकांकडेही बघा

प्रश्न (चोपडा तालुका) : ५५ एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला, इंजिन कॉम्प्युटरवालं. कपाशीचे बेड सरळ पडावेत म्हणून ऑटो स्टिअरिंग (उपग्रहाच्या मदतीनं ट्रॅक्टर आपोआप रेषेत चालवणारा संच) बसवायचंय. मेकॅनिक म्हणतो, वायरिंगला हात लावला की कॉम्प्युटर जाईल. खरं का?

उत्तर : भाऊ, मेकॅनिकचं म्हणणं निम्मं खरं आहे. ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चा (इंजिनाच्या धुराच्या प्रदूषणाचा) नियम लागू झाला. अशा इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. स्टिअरिंगशी त्याचा थेट संबंध नाही. आपल्याकडचं पॉवर स्टिअरिंग बहुधा नुसत्या ऑइलवर चालतं. म्हणून मोटर असलेलं स्टिअरिंग चाक बसवायचा संच घ्या. ऑइलच्या पायपात व्हॉल्व्ह घालणारा मी तरी सुचवणार नाही, वॉरंटीची कटकट होते. वॉरंटीचं डीलरकडून लेखी घ्याच.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज टाकून घ्या. डॅशबोर्डमागची एखादी वायर सोलून जोडली, की मेकॅनिकचं भाकीत खरं ठरलंच म्हणून समजा. ब्रॅकेट बोल्टनं कसा. वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरी आणि ईसीयूचे कनेक्टर काढा. उन्हासाठी लावलेली पत्र्याची छत्री हलते, तिच्यावर अँटेना नको. छत्रीच्या वर येईल असा पक्का पाइप उभा करा.

प्रश्न (रावेर तालुका) : भाड्याच्या ऑटो स्टिअरिंगनं केळीच्या सऱ्या पाडल्या, तास सापासारखे आले. जीपीएसचा दोष का?

उत्तर : बहुतेक नाही. साधं जीपीएस काही मीटर चुकतं, आरटीके दुरुस्ती (जमिनीवर एका जागी पक्क्या बसवलेल्या 'बेस' यंत्राकडून येणारी) मिळाली की चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. ही दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून घेत असाल, तर सातपुड्याच्या पायथ्याला रेंज गेली की अचूकपणाही जातो. स्क्रीनवर 'फिक्स'च्या (दुरुस्ती पक्की) जागी 'फ्लोट' (दुरुस्ती अर्धवट) दिसलं की थांबा. शेजारी उंच केळी उभी असेल तर धुऱ्यालगत उपग्रहही कमी सापडतात. पण तेव्हा तास एकदम सरकतो, सापासारखा वळवळत नाही.

वळवळ असेल तर जॅकवर पुढचं चाक उचलून हलवून बघा. किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचं) बुश, टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा) ढिले असले तर मोटर बिचारी डावी-उजवी करत राहते. हवा दोन्ही टायरांत सारखी हवी. मग चाकाच्या कोनाचं कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि सेन्सिटिव्हिटी (मोटर किती झटकन वळवते ते) थोडी उतरवा. ट्रॅक्टर सरळ चालून अवजारच सरकत असेल, तर लिंकेजच्या (अवजार जोडायच्या दांड्यांच्या) चेन आवळा.

एक चाचणी सोपी आहे. सपाट जागी एकाच रेषेवरून जा आणि त्याच रेषेवरून परत या. चाकोऱ्या जुळल्या नाहीत, फरक प्रत्येक वेळी तेवढाच आला, तर अँटेना ट्रॅक्टरच्या मध्यावर नाही. फरकाचा निम्मा आकडा सेटिंगमध्ये भरा.

साध्या संचात धुऱ्यावर वळण चालकालाच घ्यावं लागतं. विहीर, विजेचा खांब मशिनला दिसत नाही, तेव्हा सीट सोडू नका. तीन-चार एकरांसाठी स्वतःचा संच परवडत नाही, भाड्यानंच ठीक. सऱ्यांची रेषा मात्र सेव्ह करून ठेवा, ठिबकच्या नळ्या अंथरताना उपयोगी पडते. स्वतःचा बेस असेल तर त्याचा खुंटा कायमचा रोवा. बेस हलला की सेव्ह केलेली रेषाही तेवढीच हलते.