आजीच्या गाळ्यावरून दिसलेली मंडई

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी हडपसरच्या एका शाळेत तीन वर्षांपासून कला शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना चित्र दाखवलं की पहिला प्रश्न येतो, ‘कशाचं आहे?’ ते कळलं की मुलांचं बघणं संपतं. ‘विषय’ आणि ‘आशय’ यांच्या व्याख्या मी फळ्यावर लिहून दिल्या. मुलांनी त्या पाठ केल्या. पण स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राला, ‘भाजी मंडई’ दिली की चाळीस कागदांवर एकच मंडई उमटते. आशय शिकवता येतो का, की ज्याला दिसतो त्यालाच दिसतो?
— एक कलाशिक्षिका, हडपसर

उत्तर : तुमच्या मंडईपासूनच सुरुवात करते, कारण मीही तिथेच चुकले होते.

पेठेतल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एका वर्षी एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेच्या तयारीसाठी हाच विषय दिला होता. तुमच्याकडे येते तीच मंडई माझ्याकडेही आली. समोर मांडी घालून बसलेली भाजीवाली, हातात तराजू, टोपल्यांची रांग, पिशवी धरलेली बाई. एकाच मुलाचा कागद वेगळा होता. खालच्या अर्ध्या भागात वरून दिसणारे भाज्यांचे ढीग. त्यांच्या पलीकडे नुसती डोकी. कुणाचा भांग, कुणाचं टक्कल, एक पांढरी टोपी, आणि नोटा धरून वर आलेले हात. भाजीवालीचा पत्ताच नाही. मी लाल पेनाने शेरा मारला, ‘भाजीवाली कुठे आहे? माणसांची प्रमाणं चुकली आहेत,’ आणि सर्वांत कमी गुण दिले. तो काही बोलला नाही.

पंधराएक दिवसांनी मी महात्मा फुले मंडईत मेथी घ्यायला गेले. तिथले जुने गाळे उंच असतात, विक्रेते वर बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभं असतं. जुडीचे पैसे द्यायला हात वर केला, तर सुटे परत करायला वरून वाकला तो हाच मुलगा. आजीशेजारी बसला होता. त्याला बघायला मला मान वर करावी लागली. भाजीवाली चित्रात नव्हती, कारण चित्र तिच्या जागेवरून काढलेलं होतं. सोमवारी मी तो कागद मागून घेतला, शेरा खोडला आणि गुण बदलले. वर्गापुढे त्याची माफीही मागितली.

विषय आणि आशय यांतला तुम्हाला हवा असलेला फरक त्याच्या आणि बाकीच्यांच्या कागदांत आहे. मंडई हा विषय चाळीस जणांना सारखाच मिळाला होता. कुठे बसून पाहायचं, काय जवळ घ्यायचं, काय मोठं करायचं, काय वगळायचं हे ज्याने स्वतः ठरवलं, त्याच्या कागदावर आशय आला. बाकीच्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, ते आधीच्या वर्षीच्या चित्रांनी ठरवून दिलेलं होतं. म्हणून मी मुलांना ‘या चित्राचा अर्थ काय?’ असं विचारणं बंद केलं. अर्थ विचारला की मुलं शिक्षकांच्या चेहऱ्याकडे बघतात. त्याऐवजी विचारायचं, ‘हे आणखी कसं काढता आलं असतं? मग काय बदललं असतं?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला चित्राकडेच बघावं लागतं.

(मंडईवरून आठवलं म्हणून सांगते. १८८६ साली ही इमारत उभी राहिली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. तिच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून. आज तिला त्यांचंच नाव आहे. हे वर्गात सांगून मग इमारत काढायला लावली, तेव्हा दोन मुलींनी मनोऱ्याच्या पायाशी पाटी-पेन्सिल घेतलेली पोरं काढली. माहितीनेही आशय बदलतो.)

माझ्यासारखीच चूक एका चित्रकारानेही मित्राचं चित्र पाहताना केली होती. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८५ साली नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं चित्र काढलं. टांगलेल्या दिव्याखाली पाच माणसं, मध्ये वाफाळलेले बटाटे. त्याची शिळाछापावरची (दगडावरून छापलेली) प्रत पाहून त्याचा चित्रकार मित्र अँथन फान रापार्द याने कडक पत्र लिहिलं. आकृत्या आणि हात बरोबर काढलेले नाहीत, ही त्याची मुख्य तक्रार. पण व्हॅन गॉगने भावाला, थिओला, आधीच लिहिलं होतं की ताटात जाणारे हे हात जमीन खणणारेच हात आहेत, हे त्याला दाखवायचं होतं. चित्राचा रंगही त्याने धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा ठेवला.

हे चित्र दाखवताना मी मुलांना बोटं मोजायला लावते, सांध्यांच्या गाठी बघायला लावते. मग विचारते, हेच हात नाजूक काढले असते तर? नववीतली एक मुलगी म्हणाली, ‘मग ते दुसऱ्याने पिकवलेले बटाटे वाटले असते.’ हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर घरचा अभ्यास द्यायचा, आणि तो चुकवू नका. ‘आमच्या घरचं रात्रीचं जेवण’, तीन छोट्या कागदांवर. पहिलं छताच्या पंख्यावरून पाहिल्यासारखं, दुसरं घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या डोळ्यांनी, तिसऱ्यात एक माणूस जेवायला आलेला नाही. तिसऱ्या कागदाशी मुलं फार वेळ बसतात. कुणी ताट पालथं ठेवतं, कुणी पाट रिकामा सोडतं, कुणी सगळ्यांची तोंडं दाराकडे वळवतं. विषय तसूभरही हलत नाही, तरी वर्गात एकासारखं दुसरं चित्र निघत नाही. मात्र ही चित्रं घरची असतात. न आलेला माणूस कोण, असं चारचौघांत विचारू नका. सांगायचं असेल तर मूल स्वतः येऊन सांगतं.

जाड कागदाचा एक तुकडाही जवळ बाळगा. राजा रविवर्म्याची पायातला काटा काढणारी शकुंतला कॅलेंडरवरून घरोघर पोचलेली आहे. तिचं डोकं त्या तुकड्याने झाका. सखीचा आधार घेऊन एक तरुणी काटा काढते आहे, एवढंच उरतं. तुकडा उचलला की वळलेली मान दिसते, आणि काटा बहाणा ठरतो. कालिदासाच्या नाटकात दुष्यंत विदूषकाला हेच सांगतो, दर्भाचं टोक रुतल्याचं निमित्त करून ती चार पावलांवर थांबली. पण मान झाकून-उघडून पाहिलेल्या मुलाला ते नाटक ठाऊक नसलं तरी अडत नाही.

वर्षातून एकदा मुलांना सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला न्या. दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेला साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याला बांधणारे गोरे शिपाई आहेत. पहिली दहा मिनिटं फक्त दिसतं ते बोलायचं, तर्क करायचा नाही. ‘साखळी’, ‘शिंग’, ‘यांचे कपडे आपल्यासारखे नाहीत’. हा नियम काटेकोर पाळा. मग विचारा, पुण्यातल्या देवळावर गेंडा कशाला? हा गेंडा म्हणजे इंग्रजांनी जखडलेला बंगाल आणि आसाम, असं सांगितलं जातं. मुलांना ते लगेच पटतं, आणि इथेच त्यांना थांबवायचं. देवळाचं बांधकाम १७५४ साली सुरू झालं आणि १७७० साली मूर्तीची स्थापना झाली. इंग्रजांनी बंगालच्या नवाबाला हरवलं ती प्लासीची लढाई १७५७ची, बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करायचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली १७६५ साली. म्हणजे बंगाल जुळतो. पण आसाम इंग्रजांकडे गेला १८२६च्या, ब्रह्मदेशाशी झालेल्या यांदाबूच्या तहानंतर, देऊळ पुरं झाल्यावर पन्नासेक वर्षांनी. मग आसामचं काय करायचं? माझ्या मते तो सोडून द्यावा. तुमची मुलं वेगळं म्हणाली तर त्यांच्याकडून कारण मागा.

आधी दिसणारी वस्तू, मग तिची ओळख, मग ती त्या काळात तिथे का आली, या तीन पायऱ्या एर्विन पानोफ्स्की या कलेतिहासकाराने १९३९ साली मांडल्या. मुलांना त्याचं नाव सांगायची गरज नाही. क्रम मात्र उलटू देऊ नका. ‘लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख’ हे गाइडातलं शहाणपण वर्गात आलं की मुलं पहिली पायरी गाळतात. व्हॅन गॉगच्या त्या बटाट्याच्या रंगाला हे कोष्टक लावलं तर सगळं दुःखच निघेल, आणि बटाटा हरवेल. हे कोष्टक शिकवण्यापेक्षा काहीच शिकवू नये, इतकं माझं मत ठाम आहे.

परीक्षेची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. प्रमाण, रचना, रंगकाम शिकवावंच लागतं. त्या मुलालाही मी पुढे डोक्यांची प्रमाणं शिकवली, पण वरून दिसणाऱ्या डोक्यांचीच. बैठक त्याची राहू दिली.

प्रश्न : नातीला बालगंधर्व कलादालनात प्रदर्शनाला नेलं होतं. सगळी चित्रं अमूर्त. ती विचारत राहिली, ‘आजोबा, हे कशाचं?’ मला उत्तर देता येईना. अशा चित्राला विषयच नसेल तर आशय कुठून येणार?
— एक आजोबा, सहकारनगर

उत्तर : नातीला ‘कशाचंच नाही’ असं सरळ सांगा. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर पटतं. नाहीतर ती ढगांत हत्ती शोधावा तशी चित्रात मासे आणि डोंगर शोधत बसेल. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) रंगाचे थर चढवत आणि काढत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे, त्यांत वस्तूच नाही असं ते म्हणत. वस्तू नसली तरी कुठला थर आधी, कुठे खरवडलं, कुठे रिकामं सोडलं, हे चित्रकाराने ठरवलेलंच असतं. मघाच्या उत्तरातल्या मुलाने बसायची जागा ठरवली, तसंच.

पुढच्या वेळी तिला चित्राच्या कडेशी न्या आणि विचारा, ‘यातला पहिला रंग कोणता असेल?’ कडेला खालचे थर बरेचदा उघडे राहतात, ती शोधून काढेल. मग दहा पावलं मागे येऊन तेच चित्र पुन्हा बघा. एका चित्रापाशी पाच मिनिटं थांबलात, तर बाकीची त्या दिवशी राहिली तरी चालतील.